मूकपटांसाठी इटली गाठावी लागते, ही लाज कुणाची?

येत्या ऑक्टोबरात मूकपटांच्या महोत्सवाला इटलीतल्या पोर्देनोनेला जायचं म्हटल्यावर एकच सल्ला चहूकडून मिळतो: ते सिनेमे फोनवर फुकट दिसतात, लाखभर रुपये कशाला उडवता? हे शहाणपण नव्हे, अडाणीपणा आहे.

मूकपट बहुधा सेकंदाला सोळा ते वीस चौकटींच्या गतीने टिपलेले. ते चोवीसच्या गतीने पळवले की माणसं टुणटुण उड्या मारतात आणि आपण आपल्याच पूर्वजांच्या कलेला हसतो. पोर्देनोनेत ते योग्य गतीने, भव्य पडद्यावर, वादक समोर बसून वाजवत असताना दाखवतात. फाळक्यांच्या काळात आपल्याकडेही तबला-पेटीची साथ असायचीच. ती परंपरा आपण मोडीत काढली, त्यांनी सांभाळली.

तीही कोणत्या परिस्थितीत! १९७६ च्या भूकंपाने फ्रिउली प्रांत उद्ध्वस्त केला. त्यात मोडून पडलेल्या जेमोना गावात दुसऱ्याच वर्षी चित्रपट संग्रहालय उभं राहिलं आणि त्याच मंडळींच्या पुढाकाराने १९८२ मध्ये हा महोत्सव सुरू झाला. १९९४ साली तिथे भारतीय मूकपटांचा खास विभागही झाला.

आणि आपण? देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. हाती उरले ते मोजके, त्यातलेही कित्येक तुकड्यांत. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ कायमचा गेला. पुण्यात २००३ च्या आगीत नायट्रेटची रिळं खाक झाली. पी. के. नायर यांनी आयुष्य वेचून पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जे वाचवलं, ते तरी आपण पाहतो का? फाळक्यांची मुलगी मंदाकिनी कृष्ण झालेला १९१९ चा ‘कालिया मर्दन’ बराचसा शाबूत आहे. महाराष्ट्रातल्या किती मुलांनी तो थिएटरात पाहिला? पुतळ्याला हार घालायला आपण तत्पर; माणसाचं काम पाहायला मात्र सवड नाही.

म्हणून मी जाणार. जी कला जशी पाहायला हवी तशी इथे दिसत नाही, तिच्यासाठी केलेला खर्च उधळपट्टी ठरत नाही. ज्यांना पैसे वाचवायची कळकळ आहे, त्यांनी पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात वर्षातला एक आठवडा मूकपटांना मिळवून द्यावा. रिळं पुण्यात आहेत, पेटी-तबला वाजवणारे गावोगाव आहेत, थिएटरं दुपारी ओस पडतात. अडतंय ते फक्त इच्छेवर. ती नसेल, तर माझ्या तिकिटाचा हिशेब मला विचारू नका.