टपाल कायदा नवा, डाकसेवक जुनाच

१८९८ सालचा भारतीय टपाल कायदा १८ जून २०२४ रोजी इतिहासजमा झाला आणि संसदेने संमत केलेला ‘डाकघर अधिनियम, २०२३’ त्याच्या जागी अमलात आला. सव्वाशे वर्षे टिकलेला, दोन महायुद्धे आणि एक सत्तांतर पाहिलेला हा कायदा गेला. पण जाताना त्याची जेवढी चर्चा व्हावयास हवी होती तेवढी झाली नाही. लोकसभेने ज्या दिवशी, म्हणजे १८ डिसेंबर २०२३ रोजी, हे विधेयक संमत केले त्याच दिवशी दोन्ही सभागृहांचे मिळून ७८ विरोधी सदस्य निलंबित झाले होते. वृत्तपत्रांचे मथळे साहजिकच त्या निलंबनाने व्यापले आणि टपालाचा कायदा आतल्या पानावर गेला. खेड्यापाड्यांत ज्यांचा पोस्टाशी रोजचा संबंध येतो, आणि ज्यांची भाकरी त्या खात्यावर अवलंबून आहे, अशांना या बदलाचा अर्थ कोणी समजावून सांगितल्याचे दिसत नाही.

जुना कायदा परकीय सरकारने केलेला होता आणि नोकराकडे पाहण्याची त्याची दृष्टीही परकीय सरकारचीच होती. टपालाची थैली वाहणाऱ्या रनरने महिन्याची लेखी पूर्वसूचना न देता, वा परवानगी न घेता, काम सोडले तर त्याला एक महिन्यापर्यंत कैद अथवा पन्नास रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद या कायद्याच्या ५० व्या कलमात होती. नोकरी सोडणे हा फौजदारी गुन्हा! स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे हे कलम पुस्तकात जसेच्या तसे राहिले. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने टपाल कायद्यातील शिक्षेची सारीच कलमे काढून टाकली आणि नव्या अधिनियमानेही ती पुन्हा घेतली नाहीत. रनरच्या कैदेची तरतूद गेली याचे दुःख कोणालाही होऊ नये. परंतु त्याच झाडणीत, टपालखात्यातील नोकराने दुसऱ्याचे पत्र बेकायदा उघडणे वा अडवून ठेवणे हा जो स्वतंत्र गुन्हा होता, तोही गेला. चोरीला सर्वसाधारण फौजदारी कायदा आहेच. पण पत्राच्या गुप्ततेला म्हणून जे खास संरक्षण होते ते उरले नाही. केर काढताना घरातली एखादी कामाची वस्तूही बाहेर पडावी, तसे हे झाले.

सरकारने स्वतः पत्र उघडण्याचा अधिकार मात्र नव्या कायद्याच्या नवव्या कलमात शाबूत आहे. राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता आणि कायद्याचा भंग अशी त्याची कारणे दिलेली आहेत. जुन्या कायद्याच्या २६ व्या कलमात ‘सार्वजनिक आणीबाणी’ असा शब्दप्रयोग होता. नव्यात ‘सार्वजनिक’ हे विशेषण गळून नुसती ‘आणीबाणी’ राहिली आहे. ती कोणाची आणि कोणी ठरवायची, याचे उत्तर कायद्यात नाही. टेलिफोन चोरून ऐकण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली कार्यपद्धती घालून दिली. पत्रासाठी तशी कार्यपद्धती खुद्द अधिनियमात घालता आली असती. ती घातलेली नाही. जिज्ञासूंना येथे १९८६ साल आठवेल. त्या वर्षी संसदेने संमत केलेल्या टपाल दुरुस्ती विधेयकाला राष्ट्रपती झैलसिंग यांनी संमती दिली नाही, नाकारलीही नाही. ते टेबलावर तसेच ठेवून दिले. पत्रे उघडण्याचा अधिकार हाच त्या वादाचा गाभा होता. १९४२ नंतर ज्या जिल्ह्यांनी प्रतिसरकार चालविले, ज्यांच्या भूमिगतांचे निरोप सरकारी टपालाने नव्हे तर माणसांच्या हातून गावोगाव फिरले, त्या साताऱ्या-सांगलीच्या वाचकाला हा मुद्दा केवळ वकिली वाटू नये.

नव्या कायद्यातील दुसरा मोठा बदल मक्तेदारीचा. पत्रे वाहून नेण्याचा एकाधिकार १८९८ च्या चौथ्या कलमाने सरकारकडे होता. आता तो केवळ तिकिटे काढण्यापुरता उरला आहे. कुरियरवाले गेली कित्येक वर्षे पत्रांना ‘कागदपत्रे’ म्हणत हा धंदा करीतच होते, तेव्हा कायद्याने वस्तुस्थिती मान्य केली एवढेच, असे सांगण्यात येते. ते खरेही आहे. परंतु मक्तेदारीच्या मागे एक हिशेब होता. मुंबई-पुण्याच्या टपालावर जे मिळते त्यातून कोयनेच्या जलाशयापलीकडील वाडीवरचे टपाल पोसावयाचे, हा तो हिशेब. कुरियरची गाडी कराडला येईल, विट्याला येईल, मिरजेला तर दिवसातून अनेकदा येईल. ती बामणोलीपलीकडच्या गावात, जतच्या पूर्वभागात किंवा माणच्या माळावर एका पाकिटासाठी जाणार नाही. जावे अशी अपेक्षाही कोणी करू नये, कारण तो धर्मादाय नव्हे. मग तेथे जावयाचे कोणी? कोणत्या सेवा द्यावयाच्या हे अधिनियमाने नियमांवर सोपविले आहे, आणि त्या पोचविणाऱ्या माणसाची स्थिती काय असावी याविषयी तो मूक आहे.

हा माणूस म्हणजे ग्रामीण डाकसेवक. देशात असे सुमारे अडीच लाख डाकसेवक आहेत आणि शाखा डाकघर म्हणून जे खेड्यात ओळखले जाते ते यांच्याच खांद्यावर उभे आहे. पूर्वी यांना ‘खात्याबाहेरील नोकर’ म्हणत. नाव बदलले, अर्थ बदलला नाही. या व्यवस्थेचा उगम समजून घेण्याजोगा आहे. इंग्रजांना खेड्यात टपाल हवे होते, पण पूर्ण पगाराचा नोकर नको होता. म्हणून गावात ज्याचे पोट आधीच भरलेले आहे अशा माणसाला थोडा भत्ता देऊन हे काम सोपवावयाचे, अशी युक्ती निघाली. पुष्कळ गावांत हा माणूस शाळेचा शिक्षक असे. मास्तर हाच पोस्टमास्तर, आणि शाळेची ओसरी हेच पोस्ट. युक्ती त्या काळापुरती वाईट नव्हती.

पण आजचे नियम वाचावेत. डाकसेवकाकडून दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक काम घेतले जाणार नाही. त्याला भत्त्याव्यतिरिक्त उत्पन्नाचे पुरेसे अन्य साधन असले पाहिजे. तो संघराज्याच्या मुलकी सेवेच्या बाहेरचा मानला जाईल. सरकारी नोकरांशी बरोबरीचा हक्क त्याने सांगू नये. हे सारे लेखी आहे. शाखा डाकपालाने डाकघरासाठी जागाही स्वतःच पाहावयाची. ‘उत्पन्नाचे अन्य साधन’ हे शब्द दिल्लीच्या कार्यालयात बसून लिहिणाऱ्याला सोपे वाटत असतील. आटपाडी, कवठेमहांकाळ, खटाव, माण या तालुक्यांत ते साधन म्हणजे बहुधा कोरडवाहू जमिनीचा तुकडा. आणि पाऊस ज्या वर्षी दडी मारतो त्या वर्षी अन्य साधन भत्त्याला आधार देत नाही, भत्ताच त्या साधनाला आधार देतो.

कामाचे म्हणाल तर ते कमी झालेले नाही, पालटले आहे. एकेकाळी या दोन जिल्ह्यांतील घरे मनीऑर्डरीवर चालत. मुंबईच्या गिरण्यांतला व गोदीतला कामगार, माथाडी, गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेला खानापूर-आटपाडीचा कारागीर, आणि पलटणीतला शिपाई, या साऱ्यांचा पैसा डाकसेवकाच्या पिशवीतून घरी येई. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेल्या साताऱ्याजवळच्या अपशिंग्यासारख्या गावात पोस्टमन दिसला की घराघरांत काय होत असेल, ते सांगावयास नको. पत्रे आता उणावली. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर टपालही स्पीड पोस्टात विलीन झाले. तथापि २०१८ मध्ये टपाल बँक निघाल्यापासून डाकसेवकाच्या पाठीवरची पिशवी जाऊन हातात यंत्र आले. अंगठ्याचा ठसा घेऊन पैसे द्यावयाचे, आधारची कामे करावयाची, विम्याची उद्दिष्टे गाठावयाची. २०२४ च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेसाठी खाती उघडण्याकरिता पोस्टापुढे ज्या रांगा लागल्या, त्या पाच तासांच्या हिशेबात कशा बसविल्या हे ज्याचे त्यालाच माहीत. (पोस्टाच्या हद्दींना जिल्ह्यांच्या हद्दी कधी पुरत्या मानवल्या नाहीत, हे जाता जाता सांगितले पाहिजे. इस्लामपूर, शिराळा, विटा ही गावे आज सांगली जिल्ह्यात. पण त्यांचा पिनकोड ४१५ नेच सुरू होतो, साताऱ्यासारखा. १९४९ साली निघालेला दक्षिण सातारा जिल्हा १९६० मध्ये सांगली झाला. पिनकोड १९७२ सालचा, तरी पाकिटावर जुने नाते राहिले.)

न्यायालयांनी काय म्हटले? १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात निर्णय दिला की हे खात्याबाहेरील नोकर संघराज्याच्या अखत्यारीतील मुलकी पद धारण करतात, म्हणून घटनेच्या ३११ व्या अनुच्छेदाचे संरक्षण त्यांना आहे. चौकशीवाचून त्यांना काढता येणार नाही. केवढा मोठा विजय वाटला असेल तो! परंतु काढता येत नाही म्हणून काही मिळतेच असे नाही. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात सांगितले की डाकसेवक म्हणून केलेली नोकरी पुढे नियमित पदावर गेल्यानंतर निवृत्तिवेतनासाठी धरता येणार नाही. म्हणजे एखादा माणूस पंधरा वर्षे डाकसेवक राहून मग परीक्षा देऊन पोस्टमन झाला, तर ती पंधरा वर्षे हिशेबापुरती झालीच नाहीत असे समजावयाचे. शिस्तीच्या वेळी तो सरकारचा. निवृत्तिवेतनाच्या वेळी परका. न्यायालयाने नियम जसे आहेत तसे वाचले, यात त्याला दोष देता येत नाही. नियम करणाऱ्यांना तो द्यावा लागेल.

सातव्या वेतन आयोगापुढे हा प्रश्न गेला होता. डाकसेवक मुलकी पदे धारण करीत असले तरी नियमित सेवेबाहेरचे असल्याने बरोबरीचा दावा टिकत नाही, असे आयोगाने म्हटले. मग परंपरेप्रमाणे वेगळी समिती. न्यायमूर्ती तलवार यांची समिती १९९७ ची. पुढे कमलेश चंद्र समितीचा अहवाल २०१६ च्या अखेरीस आला, आणि तो दीड वर्ष पडून राहिला. २२ मे २०१८ पासून डाकसेवकांनी देशव्यापी संप केला, तेव्हा पंधरवड्यानंतर, ६ जूनला, मंत्रिमंडळाला तो आठवला. त्या सुधारणेने चार तासांच्या कामाचा किमान भत्ता डाकसेवकाला १०,००० आणि शाखा डाकपालाला १२,००० रुपये झाला. त्यावर महागाई भत्ता मिळतो. उपदानाची कमाल मर्यादा दीड लाखावर आली. पासष्टाव्या वर्षी काम थांबते. निवृत्तिवेतन नाही.

ज्यांना निवृत्तिवेतन आहे त्यांचेही पाय आज पक्क्या जमिनीवर नाहीत, आणि येथे शिक्षक व कारकून वाचकांचा संबंध येतो. १ जानेवारी २००४ नंतर केंद्राच्या, आणि १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या नोकरीत आलेल्यांचे जुने निवृत्तिवेतन गेले. मार्च २०२३ मध्ये राज्यातील शिक्षक व सरकारी नोकर १४ तारखेपासून सात दिवस संपावर गेले ते त्यासाठीच. केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली. पंचवीस वर्षे नोकरी झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी तीत आहे. ही सुधारणा म्हणावी लागेल. पण त्याच वर्षी वित्त कायद्याच्या पोटात एक प्रकरण घालून निवृत्तांमध्ये भेद करण्याचा सरकारचा अधिकार पूर्वलक्षी प्रभावाने कायम करण्यात आला. १९८२ च्या डिसेंबरात नाकरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नव्हे, आणि निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांत मनमानी फरक करता येणार नाही, असे सांगितले होते. त्या निर्णयाची धार बोथट करणारा हा मजकूर अर्थसंकल्पाच्या कागदांत आला, स्वतंत्र विधेयक म्हणून नव्हे.

संपाच्या मार्गाविषयी थोडे. केंद्रीय नोकरांनी १९६० च्या जुलैत व १९ सप्टेंबर १९६८ रोजी संप केले. दोन्ही वेळा सरकारने वटहुकूम काढले. २०२३ च्या एप्रिलमध्ये टपालखात्याने राष्ट्रीय टपाल कर्मचारी महासंघाची मान्यता काढून घेतली. कारण दिले ते संघटनेच्या निधीतून झालेल्या देणग्यांचे. देणग्या नियमात बसत होत्या की नव्हत्या हा वादाचा विषय होऊ शकतो. परंतु नवा टपाल कायदा संसदेत चालला होता त्या वर्षी नोकरांच्या सर्वांत मोठ्या आवाजाला चर्चेच्या मेजावर खुर्ची नव्हती, ही वस्तुस्थिती आहे.

आठवा वेतन आयोग नोव्हेंबर २०२५ मध्ये नेमला गेला असून न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई त्याच्या अध्यक्षा आहेत. अहवालासाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. डाकसेवकांकरिता पुन्हा वेगळी समिती, पुन्हा पडून राहिलेला अहवाल आणि पुन्हा संप, हे चक्र टाळावयाचे असेल तर त्यांचा प्रश्न याच आयोगाकडे सोपवावा लागेल. कार्यकक्षेत एक वाक्य वाढवावयाचे आहे. त्यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही. दोन्ही जिल्ह्यांतून निवडून गेलेल्या खासदारांनी अर्थमंत्र्यांना एवढे एक वाक्य लिहून पाठवावे. पोस्टाने पाठविले तरी चालेल.