जेवायला सोबत कोण असते?

पुण्यातल्या विश्रांतवाडीपासून लोहगावचा विमानतळ फार लांब नाही. पावसाळ्यात टिंगरेनगर, धानोरीतल्या घरांतून परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या बॅगा पुनःपुन्हा वजनकाट्यावर चढतात. कर्ज, व्हिसा, मेतकुटाचा डबा, सगळ्याची तजवीज होते. परक्या शहरात हे मूल मनातले कोणाशी बोलणार, हा प्रश्न मात्र घरात निघत नाही. दहशतवादी संघटनांसाठी भरती करणारे नेमके अशाच मुलाला हेरतात.

मोहम्मद अता 1992 मध्ये कैरोहून हॅम्बुर्गला नगररचना शिकायला गेला. अलेप्पोच्या जुन्या वस्तीवर प्रबंध लिहिणारा हा हुशार विद्यार्थी मोजक्या मित्रांच्या टोळक्यात आक्रसत गेला. 11 सप्टेंबर 2001 रोजी न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर पहिले विमान आदळवणारा तोच.

आता त्यासाठी हॅम्बुर्ग गाठावे लागत नाही. डिसेंबर 2015 मध्ये पुण्यातली सोळा वर्षांची मुलगी इंटरनेटवरून ‘इसिस’च्या माणसांच्या संपर्कात आल्याचे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाला आढळले. तिला आमिष होते सीरियात वैद्यकीय शिक्षणाचे! पथकाने तिला अटक न करता समुपदेशनाचा मार्ग धरला. तो निर्णय योग्यच होता. पण पुढे जुलै 2020 मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेने पुण्यातून एका विद्यार्थिनीला अटक केली, तेव्हा ती हीच मुलगी असल्याच्या बातम्या आल्या. म्हणून समुपदेशन व्यर्थ म्हणायचे का? आमचे मत उलट आहे. विष वर्षानुवर्षे पाजले जाते आणि उतारा चार बैठकींचा दिला जातो. अशा मुलांमागे कॉलेज संपेपर्यंत, त्यानंतरही, ओळखीचे आणि विश्वासाचे माणूस उभे हवे.

घरच्यांचे काय? कल्याणचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी अरीब मजीद मे 2014 मध्ये तीन मित्रांसह यात्रेकरूंबरोबर बगदादला गेला आणि ‘इसिस’च्या मुलखात पोहोचला. नोव्हेंबरमध्ये त्याला परतायचे आहे, हे वडिलांनी तपास यंत्रणेला कळवले. तो परतला, अटक झाली. उच्च न्यायालयाने त्याचा जामीन फेब्रुवारी 2021 मध्ये कायम केला. कायदा त्याचे काम करणारच. पण मुलगा घरातच बदलू लागला, जुने मित्र तोडू लागला, आईवडिलांची श्रद्धाच खोटी ठरवू लागला, तर त्या दिवशी बापाने कुठे जायचे? पोलीस चौकीत पाऊल टाकले की मुलाच्या नावे गुन्हा आणि साऱ्या मोहल्ल्यावर संशय, ही भीती खरी आहे. संपूर्ण समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणारे याच भीतीला खतपाणी घालतात, आणि घरे गप्प बसतात.

गुन्हा घडण्याआधी नाव न फुटता बोलता येईल अशी जागा सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात उघडावी. परदेशातल्या वकिलातींनी आणि महाराष्ट्र मंडळांनी नव्या विद्यार्थ्यांची चौकशी दिवाळीपुरती ठेवू नये. आणि विश्रांतवाडीतल्या आईबापांना आमची कळकळीची विनंती : या रविवारी व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा मार्कांच्या आधी विचारा, जेवायला सोबत कोण असते.