विज्ञानकथेतील संघर्ष : परका कोण?

मराठी विज्ञानकथेची समीक्षा बहुधा दोन प्रश्नांभोवती घोटाळत राहिली आहे : कथेतील विज्ञान कितपत अचूक आहे, आणि अशा कथेला वाङ्मयीन मूल्य आहे की नाही. या दोहोंमध्ये एक अधिक मूलगामी प्रश्न दुर्लक्षित राहतो. परग्रहवासी किंवा यंत्र कथेत अवतरते, तेव्हा संघर्ष नेमका कोणाकोणांत घडतो? 'मानव विरुद्ध परका' हे उत्तर सोपे आहे. परंतु या प्रकारातील टिकून राहिलेल्या कृती पाहता ते अपुरे ठरते.

एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) या कादंबरीत मंगळवासी इंग्लंडवर चालून येतात. मात्र वेल्स आरंभीच युरोपीय वसाहतकारांनी टास्मानियात केलेल्या संहाराचे स्मरण करून देतात. साम्राज्याने इतरांवर जे लादले, तेच आता त्याच्या राजधानीच्या वाट्याला येते. आक्रमकांचा अंतही सूक्ष्म जंतूंमुळे होतो, मानवी पराक्रमामुळे नव्हे. हा शेवट योगायोगाचा वाटतो खरा. पण विजयाचे श्रेय मानवाला नाकारण्यातच त्याचे औचित्य आहे. कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' (१९२०) या नाटकातील यंत्रमानवांच्या बंडाचे बीज कारखान्याच्या हिशेबात आहे : श्रम हवेत, श्रमणाऱ्याचे माणूसपण नको. स्तानिस्लाव लेम यांच्या 'सोलारिस' (१९६१) मधील महासागर तर कोणावर चालूनही जात नाही. तो शास्त्रज्ञांपुढे त्यांच्याच स्मृतीतील माणसे उभी करतो.

यावर असा आक्षेप संभवतो, की परका हा केवळ माणसाचेच प्रतिबिंब असेल, तर विज्ञानाचे प्रयोजन काय? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की संघर्षाच्या अटी विज्ञान ठरवते आणि निवड माणसाला करावी लागते. चापेकच्या नाटकात यंत्रमानव तयार करण्याची कृती जाळली जाते. त्यामुळे जेत्यांचे अस्तित्वही धोक्यात येते. हा पेच यंत्रमानवाच्या जागी साधा बंडखोर कामगार कल्पून निर्माण होणार नाही. ज्या कथेत परग्रहवासीयाऐवजी दरोडेखोर घातला तरी काही बिघडत नाही, तेथे विज्ञान हा निव्वळ साज असतो.

या कसोटीवर जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीचे पुनर्वाचन अगत्याचे ठरते. येथे आकाशातून कोणी चढाई करीत नाही. पूर्वीच्या एका प्रगत संस्कृतीने मागे ठेवलेले ज्ञान उत्खननात हाती लागते, आणि त्याच्या आधारे यंत्रमानव साकारतो. संकट आमंत्रणावरून घरात येते. शीर्षकातील पुराणसंदर्भ केवळ शोभेचा नाही. बळीचा घात शत्रूच्या शस्त्राने होत नाही, स्वतःच्या शब्दाने होतो. तीन पावले ही मागणी क्षुल्लक भासते, हेच तिचे सामर्थ्य. आयत्या ज्ञानाचा मोह आणि त्याची न उमगलेली किंमत यांतील हा संघर्ष मराठी वाचकाच्या परिचित कथाविश्वातूनच उभा राहतो.

अशा कृतीला 'माहितीप्रधान' म्हणून बाजूस सारणे हा समीक्षेचा आळस होय. उलटपक्षी, मराठी विज्ञानकथेनेही एक उणीव मान्य करावयास हवी. पुष्कळदा संघर्ष ऐन रंगात येतो आणि एखादा शास्त्रज्ञ दीर्घ स्पष्टीकरणाने त्याचा निकाल लावतो. कोडे सुटते, पण कोणाला काही गमवावे लागत नाही. कोडे उलगडणे म्हणजे संघर्षाचे निरसन नव्हे.

कृत्रिम बुद्धिमत्ता आज रोजच्या व्यवहारात शिरली आहे. अशा वेळी यंत्र जिंकेल की माणूस, या प्रश्नात कथेने फार गुंतू नये. त्या यंत्राला पहिले पाऊल टाकण्यास जागा कोणी दिली आणि कशाच्या मोबदल्यात, हे विचारणारी कथाच पुढील काळात वाचली जाईल.