बोटुकलीच्या टाकीत मीठ घाला

बोटुकली तळ्यात सोडली आणि दोन दिवसांत मेली, की आपण बीजवाल्याला शिव्या देतो. माझं मत विचाराल तर निम्मा दोष आपल्या घाईचा.

रोहू-कटल्याचं रक्त तळ्याच्या पाण्यापेक्षा कितीतरी खारं. म्हणून कल्ल्यांच्या पातळ पेशींतून पाणी सारखं आत शिरतं आणि क्षार बाहेर झिरपतात. मासा जादा पाणी लघवीवाटे टाकतो, क्षार कल्ल्यांनी परत ओढतो. रात्रंदिवस हेच काम. जाळ्यात घासून अंगावरचा बुळबुळीत थर निघाला, टाकीत मासा घाबरला, की ही गळती वाढते. मरतो तो तळ्यात, पण दुखणं प्रवासातलं.

टाकीत दर लिटरला 2 ते 3 ग्रॅम साधं मीठ घाला, म्हणजे आतबाहेरचा फरक कमी होतो आणि गळतीही. हजार लिटरला 2-3 किलो, आपल्या चहापाण्याहून स्वस्त! मुठीने टाकू नका, तोलून विरघळवा. ऑक्सिजन कमी पडला तर मात्र मीठ काही वाचवणार नाही.

गाडीवाले म्हणतात, मिठाने टाकी गंजते. धुऊन देऊ की! यंदा पावसाळ्यात उज्जैनला बीज आणायला जाणाऱ्या गाडीत मिठाची गोणी आणि वजनकाटा मी स्वतः ठेवणार आहे.