परक्या शहराची ओढ

परदेशी शिकायला गेलेली आमची मुले सुटीत घरी येतात तेव्हा तिकडच्या शहराविषयी भरभरून बोलतात. मग आमच्यातलेच काही ज्येष्ठ कार्यकर्ते कपाळाला आठ्या घालतात. ‘समाजाच्या हक्काच्या शिष्यवृत्तीवर गेला आणि तिकडचाच झाला,’ असा शेरा मारतात. आम्हाला हा शेरा अन्यायाचा वाटतो. परके शहर दोन-तीन वर्षांत एवढे आपले का वाटू लागते, हे आधी विचारले पाहिजे.

खुद्द बाबासाहेबांचेच उदाहरण घ्या. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर, ते १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. पुढे नवल भथेना या पारशी मित्राबरोबर ते कोलंबियाच्या लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला बसायला घरून गोणपाट न्यावे लागे, शिपाई नसला तर तहानलेले राहावे लागे, तो आता सर्वांबरोबर एका टेबलावर जेवत होता. पोटाला चिमटा काढून जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळत होता. तीनच वर्षे तो तिथे होता. तरीही १९३० साली कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या नियतकालिकात त्यांनी लिहिले की, आयुष्यातले उत्तम मित्र आपल्याला तिथले सहाध्यायी आणि ड्यूई, सेलिग्मन, शॉटवेल, रॉबिन्सन यांसारखे प्राध्यापक यांच्यात लाभले. यात देशद्रोह कुणाला दिसतो काय?

न्यूयॉर्क म्हणजे काही स्वर्ग नव्हता. कोलंबियाच्या टेकडीखालीच हार्लेम. इतर वस्त्यांत जागा नाकारली जाणारे काळे लोक त्याच वर्षांत तिथे दाटीवाटीने राहू लागले होते. बाबासाहेबांना माणुसकीने वागवणारे शहर आपल्या घरच्या अस्पृश्यांशी असे वागत होते. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी काळ्यांचे नेते डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य मांडले. शहरावर जीव जडला म्हणून डोळे मिटावे लागत नाहीत.

आणि परत आल्यावर काय झाले? १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्याला नोकरीस गेले. परदेशातल्या वर्षांनी आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असे त्यांनी पुढे लिहिले आहे. बडोद्याच्या स्टेशनावर ती परत आली. हिंदू खानावळीत जागा नाही, म्हणून पारशी नाव धारण करून पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला. कुणी आसरा देईना. महाराजांच्या राज्यातला हा अधिकारी, अमेरिका-इंग्लंडचा उच्चशिक्षित, रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत पाच तास कामाठी बागेत बसून राहिला. (भथेनाही पारशीच होता हे विसरू नये. धर्मशाळेत जमावाने विचारली ती जात, आणि जात विचारायला या देशातला प्रत्येक समाज शिकला आहे.)

१९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणाला एखाद्या वस्तीत राहू न देणे हा गुन्हा ठरवला. पण आजचा घरमालक जात थोडीच विचारतो? तो आडनाव विचारतो. ‘मांसाहार करता का?’ म्हणून विचारतो. मग जागा ‘कालच गेली’ असते. त्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा फक्त पारशांनाच सभासद करण्याचा पोटनियम वैध ठरवला. अशा निकालाचा आडोसा उद्या कोण कोण घेईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

लंडनहून पदवी घेऊन आलेल्या मुलीला पुण्यात खोली शोधताना हेच प्रश्न ऐकावे लागत असतील, तर तिला लंडनची आठवण येणारच. तिला उपदेश करणाऱ्यांनी आधी तिच्याबरोबर चार घरमालकांची दारे वाजवून पाहावीत.

जात विमानानेही प्रवास करते, हे आम्ही जाणतो. म्हणूनच २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील सिएटलच्या नगर परिषदेने जातीवरून भेदभाव करण्यास बंदी घातली. नोकरी आणि भाड्याचे घर दोन्ही त्यात येतात. अमेरिकेत असे करणारे ते पहिले शहर. मुंबई, पुणे, नागपूरच्या सभागृहांत बसलेल्या आमच्या नगरसेवकांनी निदान तो ठराव मागवून वाचावा, आणि भाड्याच्या घरासाठी आडनाव विचारणाऱ्यांविरुद्ध आपल्या शहरात तक्रार कुठे करायची, हे पुढच्या सभेत प्रशासनाला विचारावे.