पिवळा इशारा कुणाच्या वावराला?

एप्रिल संपत आला होता. गावरान कांदा उपटून वावरात पातीखाली झाकलेला, आणि नऊ बाया कापायला बसलेल्या. दुपारी अडीचला मोबाइल वाजला. पुढच्या तीन तासांत अहिल्यानगर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी विजांसह पाऊस, सोसाट्याचा वारा. आठवड्यातला हा चौथा मेसेज. आधीच्या तिन्ही वेळी आमच्या पारनेरच्या पट्ट्यात टिपूस पडला नव्हता. मी मोबाइल खिशात टाकला. चूक माझीच.

साडेतीनच्या सुमारास आधी फुफाटा आला, मग गार वारा. बाया उठल्या आणि थेट बांधावरच्या लिंबाकडे पळाल्या. डबे तिथंच टांगलेले, सावली तिथंच, मग माणूस दुसरीकडं कुठं जाणार? घसा फुटेस्तोवर ओरडून त्यांना वस्तीवरच्या पक्क्या घरात पिटाळलं. लिंबाला काही झालं नाही. पलीकडच्या वस्तीवर मात्र झाडाखाली बांधलेली गाय वीज पडून जागेवर गेली. कांद्यावर शेततळ्याचा जुना कागद ओढेपर्यंत अर्धा ढीग भिजला होता, आणि भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही.

वादळ म्हटलं की टीव्हीवर समुद्र दिसतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, तेव्हा सगळे कॅमेरे किनाऱ्यावर होते. आमच्यापासून समुद्र दीडशे किलोमीटरहून लांब, तरी त्याचा वारा-पाऊस घाट चढून आलाच. तेव्हा निदान दोन दिवस आधी ठाऊक तरी होतं. वळवाचं तसं नसतं. तो दुपारच्या उन्हात इथंच शिजतो आणि एका शिवाराला झोडपून शेजारचं कोरडं सोडतो.

अशा पावसाला जिल्हाभराचा एकच इशारा काय कामाचा? आमचा जिल्हा क्षेत्रफळानं राज्यात सर्वांत मोठा, 17 हजार चौरस किलोमीटर. चार गोवे मावून वर जागा उरेल. अकोले तालुक्यातलं घाटघर आणि जामखेड यांच्यात सरळ रेषेत दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. घाटघरला पाऊस कोसळतो, जामखेड ढगाकडे बघत बसतं. दोघांना एकच पिवळा रंग देऊन टाकायचा, आणि लोक ऐकत नाहीत म्हणून वर कपाळाला हात लावायचा!

कुठल्या गावावर ढग फुटेल हे आदल्या दिवशी कुणालाच सांगता येणार नाही, हे मान्य. पण तासाभरापूर्वी तो कुठं आहे आणि कुठं सरकतोय, हे रडारवर दिसतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ ॲप तर आपण उभे आहोत तिथून वीस-चाळीस किलोमीटरच्या आतली वीज दाखवतं. राज्याच्या महावेध प्रकल्पाची दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळांत उभी आहेत. तिथल्या नोंदी पीकविम्याला, म्हणजे नुकसान झाल्यावर कामाला येतात. वीज पडून माणूस गेला तर घरच्यांना चार लाखांची मदत मिळते, तीही पंचनाम्यानंतर. नुकसानीनंतर मंडळनिहाय हिशोब चालतो, तर आधी मंडळनिहाय इशारा का नको?

आणि तो इशारा मोबाइलवरच अडकायला नको. त्या नऊ बायांत स्मार्टफोन एकीकडंच होता, तोही डब्याच्या पिशवीत, लिंबाला टांगलेला. मेंढरं घेऊन माळावर फिरणाऱ्या धनगराकडं रेंज असेलच असं नाही. मारुतीच्या देवळावरचा भोंगा मात्र वारं सरळ असलं की तीन वस्त्यांना ऐकू जातो. तहसीलमधून ग्रामपंचायतीला फोन, ग्रामपंचायतीच्या शिपायाच्या हातात माइक, आणि दोनच वाक्यं: ढग आपल्याकडं येतोय, झाड सोडून पक्क्या घरात जा. याला कसला निधी लागतो?

भोंगा चांगला चालू आहे. परवाच त्यावरून सांगितलं, रेशनचा तांदूळ आलाय, पिशव्या घेऊन या.