उभ्या उभ्या ग्वानाह्वातो

एकट्याने प्रवासाला निघालेल्या माणसाबद्दल आपल्याकडे दोनच समज आहेत. एक तर त्याचं घरात भांडण झालेलं असतं, नाहीतर त्याला घरच नसतं. बाई असली तर तिसराही समज असतो, पण तो तिच्या पाठीमागे बोलायचा असतो. "मेक्सिकोला? एकटी?" असं वहिनीने विचारलं, तेव्हा तिचा भर मेक्सिकोवर नव्हता. मी एकटी काशीला निघाले असते तरी हाच सूर लागला असता.

"आत्या, त्यापेक्षा कंपनीबरोबर जा," म्हणून भाच्याने एक गुळगुळीत कागद आणून दिला. एकट्या प्रवाशाला खोलीपोटी जादा आकार पडेल, असं त्यात तळाशी मुंगीच्या अक्षरात छापलं होतं. म्हणजे दुसरा पलंग रिकामा राहणार आणि त्याचं भाडं मी भरायचं! तो बिचारा सकाळचा चहासुद्धा घेणार नाही.

पण माझं खरं भांडण त्या आकाराशी नाही. ते आहे "मुक्काम मेक्सिको सिटी, रोज एक शहर" ह्या बेताशी. हळदीकुंकवाला आपण "उभ्या उभ्या येऊन जाते" म्हणतो, तसं ही मंडळी शहरांना जातात. हळदीकुंकवाला निदान वाण तरी मिळतं.

ग्वानाह्वातोचंच घ्या. मेक्सिको सिटीपासून ते सुमारे ३६० किलोमीटर. बसने पाच तास जायला, पाच यायला. मधे उरतं काय? जेवण, ममींचं म्युझियम आणि "चला, चला!" वास्तविक हे गाव सावकाश बघायचं. चांदीच्या खाणींवर श्रीमंत झालेलं, दरीत कोंबलेलं. पुरांना कंटाळून इथल्या लोकांनी नदीची वाटच बदलली आणि जुन्या पात्रातून गावाखालून रस्ता नेला. वर बोळ इतके अरुंद, की समोरून लठ्ठ माणूस आला तर एकाने मागे जावं. संध्याकाळी जुन्या स्पॅनिश वेषातले विद्यार्थी गिटारी घेऊन गात निघतात आणि त्यांच्यामागून लोक बोळाबोळांतून फिरतात. त्या वेळी सहलवाले कुठे असतात? बसमध्ये, माना टाकून झोपलेले! मी तीन रात्री राहिले. युनियन बागेत एका माणसाला बाकावर जागा हमखास मिळते. चाळीसजणांच्या तांड्याला मिळवून दाखवा.

सहलीच नकोत असं मी म्हणत नाही. पण सहल मापाची हवी. ग्वानाह्वातोहून दोलोरेस इदाल्गोला दुपारपुरतं जावं. १८१० साली तिथल्या पाद्र्याने चर्चची घंटा वाजवून स्पेनविरुद्ध बंड पुकारलं. आता त्याच चौकात कोळंबीचं आइस्क्रीम मिळतं. (मी आंब्याचं घेतलं. क्रांतीला सीमा असते.) प्वेब्लाला मुक्काम करावा आणि शेजारच्या चोलुलाला जावं. तिथे टेकडीवर चर्च आहे, आणि ती टेकडी म्हणजेच आकारमानाने जगातला सर्वांत मोठा पिरॅमिड. लोक वर चढतात, फोटो काढतात आणि विचारतात, "पिरॅमिड कुठाय?"

"पण जाणार कशी?" ह्या प्रश्नाचंही बंड माजवलेलं आहे. मेक्सिको सिटीत चार दिशांना चार मोठे बसअड्डे आहेत. प्वेब्लाला पूर्वेचा, केरेतारो-ग्वानाह्वातोला उत्तरेचा, तास्कोला दक्षिणेचा, टोलुकाला पश्चिमेचा. चारही मेट्रोला लागून. १९६९ साली मेट्रो सुरू झाली तेव्हा निरक्षर लोकांची सोय म्हणून प्रत्येक स्टेशनाला चित्र दिलं. स्पॅनिशच्या बाबतीत मी त्याच वर्गातली, त्यामुळे माझं काही अडलं नाही. बस शक्यतो दिवसाची घ्यावी, आणि उतरल्यावर टॅक्सीचे पैसे अड्ड्यातल्याच अधिकृत खिडकीवर भरून चिठ्ठी घ्यावी, बाहेर हाका मारणाऱ्याकडे बघू नये. एवढी अक्कल आम्हा बायकांना स्वारगेटच देतं.

त्या गुळगुळीत कागदावर चापिंगो मात्र कुठेच नव्हतं. मेक्सिको सिटीच्या पूर्वेला, तेश्कोकोजवळ शेतकी विद्यापीठ आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, १९२० च्या दशकात तिथे शिकवत होते आणि मक्यावर संशोधन करत होते. तिथल्या जुन्या प्रार्थनागृहाच्या भिंती दिएगो रिव्हेराने रंगवल्या आहेत. २०२२ साली खानखोज्यांचा पुतळाही तिथे उभा राहिला. पूर्वेच्या अड्ड्यावरून तेश्कोकोची बस मिळते. निघण्यापूर्वी मी कंपनीच्या तरुणाला मुद्दाम विचारलं, "चापिंगो का नाही हो?"

"तिथे काय आहे मॅडम?"

"वर्ध्याचा माणूस," मी म्हटलं.

त्याने कागद उलटसुलट करून पाहिला. "वर्धा आपण ह्या टूरमध्ये घेत नाही," तो म्हणाला.